कॅन्टोनीजमधले दोन ‘दोन’

हाँगकाँगला नव्याने राहायला गेलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: तिथल्या कॅन्टोनीज भाषेतले आकडे शिकताना दोनला ‘यी’ शिकवलं, दुकानात मात्र ‘लोङ’ ऐकू येतं. खरं कोणतं?

दोन्ही. यी हा आकडा, लोङ म्हणजे दोन नग. फोन नंबर, ‘दुसरा’, बारा (सप्-यी), वीस (यी-सप्) यांत यी. माणसं, कप, डॉलर मोजायचे तर लोङ. दोन डॉलर म्हणजे लोङ मन, पण बारा माणसं म्हणजे सप्-यी को यन. दहाच्या पुढच्या आकड्यांत शेवटचा दोन पुन्हा यी. आपण दोन पुस्तकं पण दोघी बहिणी म्हणतो, त्याची जरा आठवण होते.

घड्याळात दोघांची गंमत दिसते. दोन वाजून दहा मिनिटं म्हणजे ‘लोङ तिम ताप् यी’: दोन वाजले, मोठ्या काट्याने दोनच्या आकड्यावर पाय ठेवला. वाजले किती ते मोजलं म्हणून लोङ, काटा नुसत्या आकड्यावर आहे म्हणून यी. सव्वातीन असेच ‘साम तिम साम’. हाँगकाँगच्या कामगारांच्या दुपारच्या चहाची ही ठरलेली वेळ.

बाकी मोजणी आपल्यापेक्षा फारच सोपी. यत्, यी, साम, सेइ, ङ, लुक्, चत्, पात्, कौ, सप् एवढं आलं की नव्व्याण्णवपर्यंत मजल. एकवीस म्हणजे ‘यी-सप्-यत्’, दोन-दहा-एक. एकोणसाठ की एकोणसत्तर ही भानगडच नाही. ‘चत्’मधला च चाकातला, थोडा हकार मिसळून. पाच म्हणजे नुसता ङ, स्वराशिवाय. मुळाक्षरांत घोकून पुढे ‘वाङ्मय’पुरता उरलेला हा ङ इथे रोज लागतो.

खरी मेहनत सुरांची. चार आणि ‘मरणे’ दोन्ही सेइ, फरक फक्त सुराचा. म्हणून तिथल्या पुष्कळ इमारतींत चौथा मजलाच नसतो. नऊ आणि ‘कुत्रा’ यांत तर तोही फरक नाही. सूर पाठ करायला शिकणारे एक आकडा वापरतात: 394052. साम, कौ, सेइ, लिङ् (शून्य), ङ, यी, असे ओळीने म्हटले की सहाही सूर क्रमाने येतात. मला विचाराल तर एक ते दहाच्या आधी हेच घोकावं.

मोठ्या आकड्यांत हजारानंतरचा टप्पा दहा हजारांचा, ‘मान’. त्यामुळे आपला लाख म्हणजे सप् मान, कोटी म्हणजे छिन मान, हजार गुणिले दहा हजार. आणि बाजारात कान उघडे ठेवा: ‘यत् पाक यत्’ म्हणजे एकशे एक नव्हे, एकशे दहा. एकशे एकसाठी मध्ये शून्य बोलावं लागतं, ‘यत् पाक लिङ् यत्’. ते लिङ् ऐकू आलं नसेल तर पाकिटातून नऊ डॉलर जास्त काढावे लागतील.