लघवीच्या तक्रारी आणि सोनोग्राफीचा कागद

वाचकांचे प्रश्न, युरॉलॉजिस्टची उत्तरे

मूत्रविकारांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांसोबत तपासण्यांचे रिपोर्ट जोडलेले होते. नेमका त्रास काय होतो, हे मात्र बऱ्याच जणांनी एका ओळीत उरकले होते. आम्हांला ती ओळच अधिक सविस्तर हवी असते. पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे आहे. सर्वांगीण तपासणीत सोनोग्राफी केली असता प्रोस्टेट ४८ ग्रॅम असल्याचे आढळले. रात्री एकदा लघवीला उठावे लागते आणि धारेला पूर्वीइतका जोर राहिलेला नाही, पण तसा त्रास म्हणावा असे काही नाही. 'आत्ताच ऑपरेशन उरकून घ्या, पुढे वय झाल्यावर झेपणार नाही,' असे ओळखीचे लोक सांगतात. काय करावे?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील 'तसा त्रास म्हणावा असे काही नाही' ही ओळ ४८ ग्रॅम या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेली आणि तरुणपणी साधारण २० ते २५ ग्रॅमची असलेली ही ग्रंथी वयाबरोबर बहुतेक पुरुषांमध्ये वाढते. परंतु ती किती वाढली आणि लघवीला अडथळा किती झाला, या दोन गोष्टी एकमेकींच्या मागोमाग चालत नाहीत. ३० ग्रॅमची ग्रंथी मधल्या भागात वाढून मूत्राशयाच्या तोंडाशी आली की रुग्ण बेजार होतो, आणि ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन वर्षानुवर्षे सुखाने वावरणारे गृहस्थही आम्ही पाहतो.

त्याच सोनोग्राफीच्या कागदावर तीन गोष्टी शोधाव्यात : लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते, मूत्राशयाची भिंत जाड झाली आहे का, आणि मूत्रपिंडांना सूज आहे का. शिल्लक लघवी मोजलेलीच नसेल तर ती मोजून घ्यावी. मोजताना एक काळजी घ्यावी. तपासणी केंद्रात 'पोट फुगेपर्यंत पाणी प्या' असे सांगून रुग्णाला तासभर बाकावर बसवले जाते, आणि इतक्या ताणलेल्या मूत्राशयातून लघवी नीट होत नसल्यामुळे शिल्लक फुकाच जास्त दिसते. नेहमीसारखी लघवी लागली असतानाच ही तपासणी करावी.

त्रास मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते आणि तिचे एकूण ३५ गुण असतात. सातपर्यंत गुण आले तर त्रास सौम्य, ८ ते १९ असतील तर मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानला जातो. आपण बहुधा पहिल्या गटात बसाल, आणि या गटात वर्षातून एकदा तपासणी करण्यापलीकडे काही करावे लागत नाही. लघवी पूर्ण अडून कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) घालावा लागणे व तो काढता न येणे, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होणे, मूत्राशयात खडे होणे, मूत्रपिंडांवर परिणाम होणे किंवा औषधांनी पुरेसा आराम न पडणे, यांपैकी काही घडले तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती दुर्बिणीने होते, त्यासाठी बहुधा कमरेखालचीच भूल पुरते आणि प्रकृती बरी असेल तर ऐंशीच्या घरातही ती करता येते. त्यामुळे 'पुढे झेपणार नाही' या धाकाने आज ऑपरेशन करून घेण्याचे कारण नाही. शिवाय या ऑपरेशननंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते, ही गोष्ट आधी सांगितली जायला हवी आणि ती पुष्कळदा सांगितली जात नाही.

आपल्यासाठी एक सूचना मात्र आहे. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. लग्नसराईत असा एखादा रुग्ण हमखास येतो : दिवसभर मांडवात लघवी तुंबवून धरलेली, सकाळी सर्दीची गोळी घेतलेली, आणि रात्री लघवी पूर्ण अडून ओटीपोट दगडासारखे झालेले.

प्रश्न : मी ५४ वर्षांची असून प्राथमिक शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी पाळी गेली. गेल्या वर्षभरात चार वेळा लघवीला जळजळ झाली. दर वेळी मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणून घेतल्या व बरे वाटले. आता काहीच त्रास नाही, पण खात्रीसाठी लघवीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) केले तर त्यात जंतू निघाले. पुन्हा औषध घ्यावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आज त्रास नसेल तर आज औषध घेऊ नये. काहीही लक्षण नसताना लघवीत जंतू सापडणे ही पन्नाशीनंतरच्या स्त्रियांमध्ये वरचेवर दिसणारी गोष्ट आहे. गर्भारपण किंवा मूत्रमार्गावरील शस्त्रक्रिया यांसारखे कारण नसताना असे जंतू मारत बसल्याने फायदा होत नाही. उलट मागे उरतात ते जंतू साध्या औषधांना दाद देईनासे होतात. कल्चर 'खात्रीसाठी' करायचेच नसते. जळजळ सुरू झाल्यावर, प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी ते करायचे असते. जागा साध्या पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी. घरून आणलेल्या जुन्या बाटलीतील नमुन्यात सापडलेले जंतू पुष्कळदा त्या बाटलीचेच असतात.

तरीही वर्षात चार वेळा हा प्रकार झाला आहे, आणि सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला की त्याचे कारण शोधावेच लागते. रक्तातील साखर आणि लघवीनंतरची शिल्लक तपासून घ्यावी. सोनोग्राफीत खडा नाही ना, हेही पाहावे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असल्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंतचे अंतर मुळातच कमी पडते. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, योनीची त्वचा पातळ व कोरडी होते आणि तेथील उपकारक जंतू नाहीसे होऊन आतड्यातील जंतूंना जागा मिळते. आपल्या बाबतीत हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यावर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम हा चांगला उपाय आहे. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

आता शाळेविषयी. आपण लिहिलेले नाही, पण बहुधा सकाळी घरून निघताना लघवी करून जात असाल आणि दुपारी परतल्यावरच पुन्हा जात असाल, कारण शाळेतील स्वच्छतागृहाला कडी नसते किंवा पाणी नसते. म्हणून पाणीही कमी प्यायले जाते. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी 'राईट टू पी' ही मोहीम उभी राहिली, तिच्यामागे हेच रोजचे दुखणे होते. दर तीन-चार तासांनी लघवीला जाता येईल अशी सोय मुख्याध्यापकांकडे मागून घ्या. माझ्या मते ती औषधयोजनेचाच भाग आहे. आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणे थांबवा. जळजळीसोबत थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७१ आहे. खोकताना, शिंकताना आणि जिन्यावरून उतरताना त्यांची लघवी निसटते. हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. जुन्या सुती साडीच्या घड्या वापरत होत्या, त्या धुताना मला कळले. त्यांनी भजनी मंडळात जाणे सोडले आहे आणि पाणी पिणेही कमी केले आहे. 'या वयात असे व्हायचेच,' म्हणतात. युरॉलॉजिस्ट पुरुषांचे डॉक्टर असतात ना? मग आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे का?
– एक सून, कोल्हापूर

उत्तर : मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि मूत्रमार्ग हे अवयव स्त्री-पुरुष दोघांनाही असतात आणि त्यांचे विकार हा युरॉलॉजिस्टचाच विषय आहे, पुरुषांची जननेंद्रिये हा त्याचा आणखी एक भाग. खालून अंग बाहेर येत असेल तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण मग दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो.

वय झाले म्हणून ओले राहायचे, हे सासूबाईंनी मान्य केले असले तरी आपण करू नये. जोर पडताच लघवी निसटणे आणि घाई लागून मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होणे, हे दोन वेगळे आजार आहेत व त्यांचे उपचारही वेगळे आहेत. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवसांची नोंद करा : केव्हा किती पाणी व चहा घेतला, किती वाजता लघवी झाली, घरातल्या मोजपात्राने किती मिलिलिटर भरली, आणि केव्हा काय करताना निसटली. वहीचे हे एक पान महागड्या तपासणीपेक्षा अधिक सांगून जाते.

पत्रावरून सासूबाईंचा त्रास पहिल्या प्रकारचा वाटतो. त्यावर पहिला उपाय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाचा. वायू रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच आत व वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा. पोट, मांड्या आणि श्वास मोकळे राहिले पाहिजेत. पुष्कळ स्त्रिया नेमके उलट करतात, म्हणजे खाली जोर देतात, आणि मग 'व्यायाम करूनही गुण नाही' अशी तक्रार घेऊन येतात. म्हणून पहिल्यांदा तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. तीन महिने नेमाने केल्यावरच त्याचा निकाल ठरवावा. सोबत बद्धकोष्ठ आणि जुना खोकला यांवर उपचार करावेत. पाणी तोडू नये, कारण दाट लघवी मूत्राशयाला चाळवते आणि घाई वाढवते. व्यायामाने भागले नाही तर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. तिचे फायदे-तोटे दोन्ही समजून घेऊन निर्णय घ्यावा.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी माझा मुतखडा दुर्बिणीने काढला. तेव्हा आत नळी ठेवली होती व ती महिन्याने काढायला बोलावले होते. दुखणे थांबले आणि शेतीच्या कामात जाणे राहून गेले. आता कधी कधी जळजळ होते. नळी आपोआप विरघळते का?
– एक शेतकरी, जळगाव जिल्हा

उत्तर : नाही. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत घातलेली ही डीजे स्टेंट नावाची नळी काढल्याशिवाय निघत नाही, आणि फार काळ राहिली तर तिच्यावरच खडा चढतो. वेळेवर आला असता तर दुर्बिणीने काही मिनिटांत काम झाले असते. आता आधी एक्स-रे काढून नळीवर किती थर बसला आहे ते पाहावे लागेल, लघवीचे कल्चर करावे लागेल, आणि मगच ती कशी काढायची ते ठरेल. थर बसलेली नळी नुसती ओढायची नसते. हा अंक हातात पडेल त्याच आठवड्यात जा. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या, कारण नळी कोणत्या बाजूला आणि केव्हा घातली ते त्यावर लिहिलेले असते. मधल्या काळात ताप आला तर आठवडाही थांबू नका.

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत, तरुणपणापासून विड्या ओढतात. गेल्या महिन्यात दोन दिवस लघवी लालभडक झाली. दुखले काहीच नाही आणि तिसऱ्या दिवशी लघवी आपोआप स्वच्छ झाली. सोनोग्राफी नॉर्मल आहे. 'उष्णता झाली असेल,' म्हणून त्यांनी धने-जिऱ्याचे पाणी घेतले. पुढे काही करायला हवे का? खर्चाचीही चिंता आहे.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : हो, आणि लवकर करायला हवे. वर मी रिपोर्टपेक्षा त्रासाला महत्त्व दिले, पण इथे त्रास नाही हीच काळजीची गोष्ट आहे. न दुखता लघवीतून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत ठळक लक्षण आहे आणि ते असेच येते व आपोआप थांबते. रक्त थांबले की घरचे निर्धास्त होतात. पुढच्या वेळी ते दिसते तेव्हा सहा महिने गेलेले असतात. धूम्रपान करणाऱ्यांना हा कर्करोग होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट असतो, कारण धुरातील विषारी द्रव्ये लघवीतून बाहेर पडताना तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात. मूत्राशयातील लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून त्या 'नॉर्मल' शब्दावर विसंबू नये.

मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी, सीटी स्कॅन आणि लघवीतील पेशींची तपासणी, या तीन गोष्टी सांगितल्या जातील. यातून काहीच निघाले नाही तर उत्तम. गाठ निघालीच, तर बहुतेक रुग्णांमध्ये ती निदानाच्या वेळी वरच्या थरापुरतीच असते. तेव्हा ती दुर्बिणीने खरवडून काढता येते आणि मूत्राशय वाचते. अशा काही रुग्णांना नंतर बीसीजीचे द्रावण मूत्राशयात सोडले जाते. बाळाच्या दंडावर टोचतात तीच ही क्षयाची लस. या उपयोगासाठी ती १९७६ पासून वापरात आहे. पुढे काही वर्षे ठरल्या वेळी दुर्बिणीची तपासणी चुकवता येत नाही, कारण हा आजार परतण्याची खोड असलेला आहे. विडी मात्र आजच सुटली पाहिजे.

खर्चाबाबत : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटावे आणि कोणती तपासणी, कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते विचारून घ्यावे. तुमच्या भागातून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जाण्याचा प्रघात आहे आणि तेथे युरॉलॉजी विभाग आहे. निघण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभागाचे दिवस आणि महाराष्ट्रातील रुग्णांसाठीचे शुल्क फोनवरून विचारून घ्यावे. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर तिचे नाव सोबत न्यावे, पण 'त्या गोळीमुळेच रक्त आले असेल' असे म्हणून तपासणी टाळू नये.