वाचकांचे प्रश्न : व्यापलेल्या इराणचे राजकारण

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात तटस्थ असलेला इराण दोस्त राष्ट्रांनी का व्यापला? तेथील सरकार केवळ नावापुरते उरले होते का?

उत्तर : इराणमधील जर्मन तंत्रज्ञांचा वावर हे जाहीर कारण होते, परंतु अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि इराणच्या आखातापासून कास्पियन समुद्रापर्यंत जाणारा, 1938 साली पूर्ण झालेला लोहमार्ग ही खरी निकड होती, कारण सोव्हिएत रशियाला रसद पोहोचवण्यासाठी तो मार्ग हवा होता. 25 ऑगस्ट 1941 रोजी उत्तरेकडून सोव्हिएत फौजा, तर दक्षिण व पश्चिमेकडून ब्रिटिश फौजा शिरल्या. त्यांत भारतीय पलटणी मोठ्या प्रमाणावर होत्या.

काही दिवसांतच प्रतिकार संपला. इराणचे राजे रझा शाह यांनी 16 सप्टेंबरला मुलासाठी गादी सोडली. त्यांना घेऊन निघालेले जहाज मुंबईला आले, पण ब्रिटिशांनी त्यांना किनाऱ्यावर पाऊलही ठेवू दिले नाही आणि तेथूनच मॉरिशसला धाडले. पदच्युत राजालाही अशी वागणूक देणे अशोभनीयच होते.

सरकार मात्र निव्वळ बाहुले नव्हते. पंतप्रधान फरुगी यांच्या काळात जानेवारी 1942 मध्ये ब्रिटन व सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारात युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत परकी सैन्य हटवण्याची आणि इराणी सैनिकांना लढण्यास भाग न पाडण्याची हमी त्यांनी मिळवली. सामान्यांचे हाल त्याने टळले नाहीत. डिसेंबर 1942 मध्ये तेहरानात पावासाठी दंगली उसळल्या. सप्टेंबर 1943 मध्ये इराणने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. सोव्हिएत सैन्य मात्र ठरलेली मुदत उलटल्यानंतर, मे 1946 मध्ये बाहेर पडले.