मॉल ओस पडतात, मग खर्च वाढतो कुठे?

प्रश्न : अमेरिकेत लोकांचा खर्च वाढतोय, अशा बातम्या येतात. मग तिथले मॉल बंद का पडतायत? ऑनलाइन खरेदीमुळेच ना?

उत्तर : ऑनलाइनचा हात आहे, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. २०२४मध्ये अमेरिकेतल्या किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा साधारण १६ टक्के होता. खरं दुखणं मॉलच्या भाडेकरारात आहे.

पहिला पूर्ण छताखालचा मॉल, साउथडेल, १९५६मध्ये मिनेसोटातल्या इडायना इथे उघडला. त्यात एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स एकाच छताखाली आणली होती. पुढे हाच साचा झाला. अशा मोठ्या दुकानाला धंद्यात ‘अँकर’ म्हणतात. गिऱ्हाईक तेच खेचतं, म्हणून त्याला भाडं नाममात्र असतं, कित्येकदा तर इमारतही त्याच्याच मालकीची असते. मॉलमालकाची कमाई होते ती मधल्या छोट्या दुकानांवर. त्यात १९५४च्या करकायद्याने नव्या इमारतींचा घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत, सुरुवातीच्या वर्षांत करपात्र उत्पन्नातून जास्त वजा करायची मुभा दिली होती. साहजिकच जुनं दुरुस्त करण्यापेक्षा नवं बांधणं फायद्याचं ठरलं आणि मॉल गरजेपेक्षा जास्त झाले.

आता अँकर बंद पडला की काय होतं ते पाहा. छोट्या दुकानांच्या करारात बहुधा एक कलम असतं : अँकर गेला तर ठरलेल्या भाड्याऐवजी विक्रीच्या काही टक्केच द्यायचे, आणि ठरावीक मुदतीत दुसरा अँकर आला नाही तर करार मोडायची मोकळीक. समजा, चपलांच्या दुकानाचं वर्षाचं भाडं ८०,००० डॉलर आहे आणि विक्री ६ लाख. कलमात ६ टक्के लिहिले असतील तर मालकाच्या हातात ३६,००० पडतात. अशी वीस-तीस दुकानं धरा. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच. मग डागडुजी थांबते, दिवे कमी होतात, गिऱ्हाईक आणखी तुटतं. रिकामी इमारत अँकरच्याच मालकीची असेल तर मालकाला तिथे दुसरं दुकानही बसवता येत नाही. २०१८मध्ये सीअर्स या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या साखळीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा कित्येक मॉल नेमके इथेच अडकले.

प्रश्न : ‘अर्थव्यवस्था २.८ टक्क्यांनी वाढली’ म्हणजे तीन महिन्यांत एवढी वाढ झाली का?

उत्तर : नाही. अमेरिकेत तिमाही वाढ वार्षिक दराने सांगतात. तिमाहीत ०.७ टक्के वाढ झाली आणि हीच गती चार तिमाही टिकली, असं धरून चक्रवाढीने २.८ येतात. महागाई त्यातून आधीच वजा केलेली असते. शिवाय पहिला अंदाज पुढच्या दोन महिन्यांत दोनदा सुधारतात, त्यामुळे पहिल्याच आकड्यावरून निष्कर्ष काढायची घाई नको.

ग्राहकांचा खर्च हा या अर्थव्यवस्थेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, पण त्यात दुकानातली खरेदी थोडी आणि सेवा जास्त : घरभाडं, दवाखाना, विमा. स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडं देतो असं मानून तेही धरतात, आणि वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याने रुग्णालयाला दिलेले पैसेही. म्हणून हा आकडा फुगला तरी मॉलमधली वर्दळ वाढेलच असं नाही.

दुकानांची हालहवाल हवी असेल तर जनगणना खात्याचा मासिक किरकोळ विक्रीचा आकडा पाहा. त्यातून महागाई मात्र वजा केलेली नसते. विक्री ३ टक्के वाढली आणि भावही ३ टक्के चढले असतील, तर माल आधीइतकाच खपला.