डोंगररांगांजवळचे भ्रंश (खडकांतल्या अशा भेगा, ज्यांच्या बाजूने खडक सरकतात) एकमेकांना जोडलेले असतात का? एक सरकला की बाकीचेही सरकतात?

जोडलेले बरेचदा असतात, पण जोड वरून दिसत नाही. हिमालयात भारतीय प्लेट (भारताखालचा भूकवचाचा प्रचंड तुकडा) दरवर्षी साधारण २ सेंमी उत्तरेकडे दाबली जाते, त्यामुळे खडकांचे थर तुटून एकमेकांवर चढतात. पृष्ठभागावर वेगवेगळे वाटणारे हे भ्रंश खोलवर एकाच जवळपास आडव्या भ्रंशाला मिळतात. २०१५ च्या नेपाळ भूकंपात तोच सरकला, मात्र फाट जमिनीपर्यंत आली नाही. त्या भ्रंशाच्या दक्षिणेकडच्या भागात ताण उरला, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

सगळे एकदम सरकतीलच असं नाही. पण न्यूझीलंडमध्ये २०१६ साली कायकोराजवळ डझनाहून जास्त भ्रंश सुमारे दोन मिनिटांत एकापाठोपाठ फाटले. म्हणून एकेका भ्रंशाची लांबी मोजून धोका ठरवणं अपुरं पडतं.