मदरबोर्ड बदलला, विंडोज उघडेना आणि दुकानदार संगणक देईना

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत मी एकटीच डीटीपीची कामे करते. माझा ब्रँडेड संगणक बंद पडला, तेव्हा मदरबोर्ड गेल्याचे सांगून दुकानदाराने ६,८०० रुपये ठरवले आणि ४,००० रुपये आगाऊ घेतले. पावती दिली नाही. बोर्ड बदलल्यावर विंडोज सुरू न होता निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. ‘फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल, त्याचे १,५०० वेगळे, सगळे पैसे दिल्याशिवाय मशीन मिळणार नाही,’ असे तो म्हणतो. मी काय करावे?

उत्तर : आधी फॉरमॅटला आपली संमती नसल्याचे दुकानदाराला आजच व्हॉट्सॲपवर लेखी कळवा. त्या डिस्कमध्ये तुमच्या ग्राहकांच्या फाइली आहेत, आणि उद्या वाद झालाच तर तिची आजची स्थिती हाच तुमचा पुरावा आहे.

तुम्ही वर्णन केलेला पडदा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजमधील सोयीचा आहे. डिस्कच्या कुलुपाची किल्ली मदरबोर्डाशी जोडलेल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा यंत्रणेत राहते. बोर्ड बदलला की ती किल्ली जुन्या बोर्डाबरोबर जाते, म्हणून विंडोज ओळख पटवण्यासाठी की मागते. याचा अर्थ नवा बोर्ड सदोष आहे असा नव्हे, आणि डेटा गेला असाही नव्हे. तुम्ही विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करत असाल, तर ही की बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खाते उघडा आणि पडद्यावरील ‘की आयडी’शी जुळणारी की शोधा. (अशा प्रकरणांत वकिलाआधी विसरलेला पासवर्ड शोधावा, असे मी अशिलांना नेहमी सांगतो.) की चालली, तर फॉरमॅटचे कारणच उरत नाही.

की देऊनही संगणक सुरू झाला नाही, तर पडद्यावर नेमके काय दिसते त्याचे छायाचित्र घ्या. पडदा काळाच राहत असेल तर रॅम नीट न बसणे किंवा प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी राहून जाणे, आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असे येत असेल तर बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रणालीतील, बूट (सुरू होण्याची) किंवा साटा (डिस्क जोडणीची) पद्धत बदललेली असणे, ही नेहमीची कारणे आहेत. ती दूर करणे बोर्ड बसवण्याच्या कामातच येते. त्याचे वेगळे पैसे मागणे मला समर्थनीय वाटत नाही. विंडोज उघडल्यावर ‘ॲक्टिव्हेट करा’ असा संदेश आला, तर तो मुद्दा निराळा आहे, कारण ब्रँडेड संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना सहसा मूळ बोर्डाशी बांधलेला असतो.

आता वस्तू अडवून ठेवण्याविषयी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्या उद्देशाप्रमाणे श्रम किंवा कौशल्याचे काम करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. तेथील उदाहरणे हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याची आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याची आहेत. म्हणजे उरलेल्या २,८०० रुपयांसाठी दुकानदाराला काही आधार आहे, पण न केलेल्या फॉरमॅटच्या १,५०० रुपयांसाठी मुळीच नाही. म्हणून माझा सल्ला थोडा व्यावहारिक आहे : २,८०० रुपये ‘हक्क राखून’ (म्हणजे तक्रारीचा हक्क न सोडता) असे लिहून यूपीआयने द्या, संगणक, जुना बोर्ड आणि बिल मागा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुकानदाराने तरीही नकार दिला, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा.

त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. धंद्याचा संगणक असल्याने तुम्ही ग्राहकच नाही, असा बचाव समोरून हमखास येईल. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तूचा वापर व्यापारी प्रयोजनात मोडत नाही, म्हणून एकटीने काम करत असल्याचे शपथपत्रात स्पष्ट लिहा. इतक्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास कधी कधी तेवढ्यावरच दुकानदार नरमतो.

की मुळीच सापडली नाही, तर मात्र बाजू अवघड होते. बोर्ड पूर्ण मेलेला असल्यास दुकानदाराला कुलूप आधी काढता आले नसते; तरीही की जवळ आहे का, हे काम हाती घेताना विचारणे त्याचे कर्तव्य होते, आणि ते न विचारणे ही सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येईल. भरपाई मागताना मात्र कोणत्या ग्राहकाचे कोणते काम बुडाले, याचे संदेश आणि ऑर्डरची नोंद जोडावी लागेल.