कपाशीवरच्या बोंडअळीवर शोधनिबंध लिहायचाय, आराखडा कसा करू?

आधी विषय एका प्रश्नावर आणा. ‘विदर्भातील बोंडअळी’ फार पसरट होतं. ‘आमच्या गावात फरदड घेणाऱ्यांकडे गुलाबी बोंडअळी जास्त येते का?’ हे झेपेल. फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात उभ्या ठेवलेल्या कपाशीत, अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाणं मिळत राहतं, त्यामुळे प्रश्नात दम आहे.

मग प्रश्न, आधीचं संशोधन (नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं साहित्य बघाच), पद्धत, निरीक्षणं, चर्चा या प्रत्येकाखाली एकेक पूर्ण वाक्य लिहा. प्रस्तावना शेवटी.

बहुतेक जण प्रश्नावली आधी छापतात, मग निम्मे तक्ते निरुपयोगी ठरतात. फवारणीची तारीख विचारली तर अंदाज मिळतो. ‘पोळ्याआधी की दसऱ्यानंतर?’ असं विचारा. उत्पादन मात्र काटापट्टी (विकलेल्या कापसाच्या वजनाची पावती) पाहूनच लिहा, आणि घरात साठवलेला कापूस वेगळा विचारा.