दोन वर्षांचा होत आला, हाकेला बघत नाही... स्क्रीनिंग करायचं की थांबायचं?

"मॅडम, टेस्ट केली आणि ऑटिझम निघाला तर मुलाला कायमचा शिक्का बसेल ना?" दीड-दोन वर्षांचं लेकरू घेऊन येणारे आईबाबा थोड्याफार फरकाने हेच विचारतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा घरातलं एक वाक्य असतंच, "याचा बाबापण तीन वर्षांपर्यंत बोलत नव्हता, उगाच डोक्याला ताप नको."

एका मुलाचं सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत, त्याला आपण ओजस म्हणू. वय २२ महिने. सोबत आई आणि आजी. आईने बाहेर बसून एम-चॅट-आरचा फॉर्म भरलेला. ऑटिझमची, म्हणजे संवाद आणि माणसांत मिसळणं वेगळ्या पद्धतीने होण्याची, शंका आहे का हे चाळून बघायचा (यालाच स्क्रीनिंग म्हणतात) हा फॉर्म १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असतो, २० प्रश्न, हो किंवा नाही. स्कोअर म्हणजे काळजी वाटावी अशी किती उत्तरं आली ते. तो २ पर्यंत असेल तर सहसा काळजी नसते, ३ ते ७ आला तर परत बसून सविस्तर विचारायचं, ८ किंवा जास्त असेल तर थेट पुढच्या तपासणीला पाठवायचं. ओजसचे ५ आले होते. खूप ठिकाणी फॉर्म भरून घेतात, आकडा सांगतात आणि आईला रडवून घरी पाठवतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण खरं काम त्या सविस्तर विचारण्यातच आहे.

आवाजाचा त्रास होतो का, याला आईने 'हो' लिहिलं होतं. विचारलं तर कळलं की मिक्सर लागला की तो कान झाकतो आणि शांतपणे बाजूच्या खोलीत जातो, रडत-ओरडत नाही. मग तो मुद्दा गेला, धरायचा नाही. ऐकू येत नसेल अशी शंका आली होती का, तर आजी म्हणाल्या, ताट वाजवून बघितलं, मान वळवत नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला की पळत येतो. नावाने हाक मारली तर? दहा वेळा मारली तरी नाही.

आणि मग बोटाने दाखवण्याचा प्रश्न. स्वतःला हवं म्हणून नाही, तर आवडलेली गोष्ट तुम्हीपण बघावी म्हणून बोट करतो का? आई म्हणाली, "जेसीबी फार आवडतो त्याला, गल्लीत आला की खिडकीतून हलत नाही." मी विचारलं, तेव्हा मागे वळून तुमच्या तोंडाकडे बघतो का, बघ बघ असं? ती थोडा वेळ गप्प झाली, मग म्हणाली, "नाही ओ. तो आणि जेसीबी. मी तिथे असले काय, नसले काय."

तेवढ्यात मी बबल्सची बाटली घट्ट बंद करून त्याच्यासमोर ठेवली. त्याने माझा हात धरला आणि झाकणावर नेऊन ठेवला, चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. फॉर्ममध्ये हे दिसत नाही, म्हणून मुलासोबत जमिनीवर बसावंच लागतं.

५ पैकी ४ मुद्दे राहिले. दुसऱ्या फेरीत, म्हणजे या सविस्तर विचारण्यानंतर, २ किंवा जास्त राहिले तरी पुढे पाठवतात. आजींना मी सांगितलं, आजी, उशिरा बोलणारी मुलं असतात हे खरंय, पण ती शब्द नसले तरी बोट करतात, तुमच्या तोंडाकडे बघत हात ओढून नेऊन दाखवतात, तुमच्या हसण्याला हसतात. बाबाचं तसं होतं का? त्या म्हणाल्या, तो तर खुणा करून भांडायचा.

शिक्क्याचं म्हणाल तर स्क्रीनिंग म्हणजे निदान नाही. २०१४ साली अमेरिकेतला १६ हजारांवर मुलांचा अभ्यास आला, त्यात दोन्ही फेऱ्यांनंतर ज्यांच्याबद्दल शंका राहिली आणि ज्यांची पूर्ण तपासणी झाली त्यातल्या साधारण निम्म्यांनाच ऑटिझम निघाला, पण जवळपास ९५ टक्के मुलांना विकासात काही ना काही मदत लागणारच होती. म्हणजे तपासणी फुकट जात नाही. दिव्यांग प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट, ते तुम्ही अर्ज केला तरच मिळतं.

मोबाईलचंही विचारतातच. बंद करा, नक्की करा, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. पण "आधी सहा महिने मोबाईल बंद करून बघू, मग तपासू" हे करू नका, दोन्ही एकदमच होऊ द्या, कारण हेच महिने शिकण्याचे असतात.

ओजसची बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी तपासणी झाली, ऐकणं नॉर्मल. निदान करणाऱ्या डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) नंबर लागायला वेळ होता, तोवर आम्ही थेरपी सुरू करून टाकली, निदानासाठी थांबलो नाही. निदान नंतर ऑटिझमचंच आलं. आई रडली, बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, मग एक दिवस तेच थेरपीला घेऊन आले. आता तो हवं ते बोटाने मागतो, बोलतो अगदी मोजकं, हाकेला कधी बघतो कधी नाही. काम चालू आहे.

खर्चाची भीती असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची (मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर मदत देणारं सरकारी केंद्र) चौकशी करा, २०१३ पासूनच्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेत हे मोफत आहे. आणि १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा बूस्टर आणि एमआरचा (गोवर-रुबेला) दुसरा डोस असतो, त्यासाठी डॉक्टरांकडे जाणारच आहात, तेव्हा तिथेच स्पष्ट म्हणा, याचं ऑटिझमचं स्क्रीनिंग करून द्या. "अजून लहान आहे" म्हणाले तर हाक, बोट आणि नजर या तीन गोष्टी घरी काय दिसतात ते सांगा, हातात व्हिडिओ असेल तर दाखवा.